नोकरीची जाहिरात वाचताना

‘वार्षिक सीटीसी ४ लाख २० हजार’ असे वाचले की आपण १२ने भागतो आणि महिना ३५ हजार धरून चालतो. पण सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. समजा, मूळ वेतन १७,५०० आहे. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, म्हणजे २,१०० रुपये, बहुधा त्या ३५ हजारांतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४० रुपयेही त्यातच; कायम नोकरीत ती साधारणपणे सलग ५ वर्षे भरल्यावरच मिळते. पुढे तुमचा स्वतःचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला, की हातात पडतात जेमतेम २९,७६०. सीटीसीत ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल, तर आकडा आणखी खाली येतो.

इतर शब्दही असेच चाळून घ्यावेत. ‘कमाईला मर्यादा नाही’ म्हणजे बहुधा पगार तुटपुंजा आणि भिस्त कमिशनवर. ‘ताणाखाली काम करण्याची तयारी’ म्हणजे माणसे कमी, कामे जास्त. ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ असेल, तर पेट्रोलचा भत्ता आधी विचारा. ‘पगार योग्यतेनुसार’ असेल, तर मुलाखतीत पहिला आकडा तुमच्याच तोंडून काढून घेतील. तो ठरवूनच जा.

नोंदणी फी किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी भरा म्हणाले, तर फसवणूक समजून तिथूनच मागे फिरा. बाकी ठिकाणी होकार देण्यापूर्वी पगाराची फोड लेखी मागून घ्या.