घोडं पेंड कुठे खातं?

घरचा संगणक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण बॅकअपचं पाहिलं. तो घेऊन ठेवला नसेल तर आधी तो घ्या आणि मगच पुढे वाचा, कारण आज संगणकाच्या पायालाच हात घालायचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. २९ जुलै २०१५ ला ती बाजारात आली होती, म्हणजे दहा वर्षांहून थोडी जास्त चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. टॅली उघडली, प्रिंटरने कागद ओढला, मुलांचे प्रोजेक्ट तयार झाले. त्यामुळे अनेक वाचकांच्या मनात एकच प्रश्न आहे : सगळं चालतंय, तर बदलायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. नवं ते चांगलं, हे त्याचं उत्तर नाही. जुनं ते सोनं, हेही नाही. आधी सपोर्ट बंद झाला म्हणजे नेमकं काय बंद झालं, ते पाहू.

नकाशा छापून येतो

विंडोज हा कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम आहे. एवढ्या लिखाणात चुका राहणारच. त्यांतल्या काही अशा असतात की तिथून परक्याला आत शिरता येतं. सापडलेली अशी भोकं बुजवणारे पॅच मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं. सपोर्ट बंद, म्हणजे हे पॅच बंद.

पण धोका एवढ्यावर थांबत नाही. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड सामाईक आहे. ११ साठी पॅच निघाला की हल्लेखोर त्याच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवतात आणि काय बदललं ते शोधतात. जिथे बदल दिसतो, तिथे भोक होतं. १० मध्ये ते अजूनही असू शकतं, आणि आता ते बुजवायला कोणी येणार नसतं. जुनी प्रणाली स्वतःहून बिघडत नाही, हे खरंच. पण तिच्या कच्च्या जागांचा नकाशा दर महिन्याला जगापुढे येत राहतो.

अँटिव्हायरस आहे की, असं यावर कोणी म्हणेल. विंडोज १० मधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण अँटिव्हायरस आत आलेल्याला ओळखतो, भोक बुजवत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

मे २०१७ आणि त्यानंतर

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्याही काही संगणकांना त्याची झळ बसली. जुनी विंडोज ठेवल्याचा हा परिणाम, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं, आणि बोट होतं एक्सपीकडे. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता.

तपास झाला तेव्हा चित्र वेगळं निघालं. बळी पडलेल्या संगणकांत सर्वांत जास्त होते विंडोज ७ चे. त्या वेळी विंडोज ७ ला सपोर्ट होता, आणि ज्या भोकातून हा हल्ला शिरला त्यावरचा पॅच १४ मार्चलाच निघाला होता. जवळजवळ दोन महिने तो उपलब्ध असूनही लोकांनी बसवला नव्हता. म्हणजे प्रणाली किती जुनी, यापेक्षा तिच्यावरचे पॅच बसवले होते का, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

मग अपडेट केलं की सुटलो? तसंही नाही. दीड महिन्यातच, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. त्याने युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरकाव केला. एकदा आत शिरल्यावर तो संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रांवर जायचा, त्यामुळे पॅच बसवलेले संगणकही सापडले. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोचला आणि तिथल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. पुढे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्या दिवशी आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

तेव्हा अपडेट आलं की लगेच बसवायला कचरणारा माणूस अगदीच वेडा नाही. चार दिवस थांबावं. चार वर्षं थांबू नये.

अडतं ते विंडोजपाशी नाही

आता मूळ प्रश्न. धोका एवढा उघड आहे, तर लोक जुन्या प्रणालीला चिकटून का राहतात? आळस किंवा अज्ञान, असं उत्तर सहज दिलं जातं. पण बँकांचं उदाहरण घ्या. एक्सपीचा सपोर्ट संपून चार वर्षं झाल्यावर, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं : एटीएममधल्या सपोर्ट संपलेल्या प्रणाली टप्प्याटप्प्याने बदला आणि जून २०१९ पर्यंत हे काम पूर्ण करा. बँकांना धोका कळत नव्हता, असं कोण म्हणेल? पण एटीएम म्हणजे नुसता संगणक नव्हे. नोटा मोजणारं यंत्र, कार्ड वाचणारं यंत्र, त्यांचे ड्रायव्हर, ते पुरवणाऱ्या कंपन्यांशी केलेले करार, हे सगळं त्या एक्सपीला बांधलेलं असतं.

हीच गोष्ट छोट्या प्रमाणात मराठी डीटीपीच्या दुकानात दिसते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका यांचं काम अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं पेजमेकरवर झालं. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, २००१ मधली. ती युनिकोड जाणत नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांतल्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसेल तर ‘नमस्कार’च्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. शिवाय पॅकेज चालण्यासाठी संगणकाच्या मागे डोंगल लावावा लागायचा, तोही बऱ्याचदा पॅरलल पोर्टचा. नव्या संगणकांवर ते पोर्टच सहसा नसतं.

त्यात आणखी एक पेच आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात मिळते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत, आणि डॉस किंवा विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम तर मुळीच चालत नाहीत. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती त्यांना अजून सांभाळून घेत होती. एखाद्या पतसंस्थेचा नाहीतर सोसायटीचा हिशेब अजून डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये असेल, तर १० वरून ११ वर जाणं हे एक पाऊल नसून मधली दरी ओलांडणं आहे.

म्हणून मी असं म्हणेन : आपण विंडोजला चिकटलेले नसतोच. तिच्यावरच्या एखाद्या प्रोग्रॅमला, फाँटला, डोंगलला, स्कॅनरला चिकटलेले असतो. घोडं पेंड खातं ते तिथे. ती जागा सापडली, की अपग्रेडचा प्रश्न निम्मा सुटतो.

यंत्राची अट

काहींचं मात्र खरोखर यंत्रापाशीच अडतं. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते. कागदावर ही अट मामुली आहे. खरी अडचण प्रोसेसर आणि टीपीएम २.० यांची. टीपीएम म्हणजे कूटलेखनाच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधलीच तशी सोय. इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि ती पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीचा संगणक वेगाने चालत असला तरी तो यादीबाहेर पडतो. टीपीएम मात्र पुष्कळदा यंत्रात असतं, फक्त बायोसमध्ये बंद केलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवून पाहिलं की नेमकं काय कमी पडतंय ते समजतं.

ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा संगणकांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या पॅचसाठी एवढा खटाटोप करायचा, त्यांचीच खात्री नसेल तर उपयोग काय?

मग करायचं काय?

संगणक किती जुना आहे, हे क्षणभर बाजूला ठेवा. तो कशाकशाला जोडलेला आहे, ते पाहा.

ज्या संगणकावरून बँक, जीएसटी, प्राप्तिकर, ईमेल असे व्यवहार होतात, त्यावर सपोर्ट असलेलीच प्रणाली हवी. इथे तडजोड नको. यंत्र पात्र असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाणं मोफत आहे; फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, आणि पटलं नाही तर पहिल्या दहा दिवसांत मागे फिरता येतं. विंडोज ७ वरून मात्र प्रोग्रॅम जागेवर ठेवून थेट ११ वर जाता येत नाही. तिथे नव्याने बसवणंच बरं.

यंत्र पात्र नसेल तर घाईने ते भंगारात काढू नका. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा-पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना जाहीर केली. ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंगचा बॅकअप चालू करून विनामूल्य, तिच्यात सामील होता येतं. ही सोय म्हणजे तयारीसाठी मिळालेली मुदत आहे. मुक्काम तिथे करायचा नाही. दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि युनिकोड मराठी एवढंच काम असेल तर जुनं यंत्र तिच्यावर पुन्हा चपळ होतं. डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथे चालतं का, हे मात्र आधी तपासा. टॅली वापरणाऱ्यांचं तिथेच अडतं.

ज्या संगणकाचं काम एखाद्या जुन्या प्रोग्रॅमपुरतं किंवा यंत्रापुरतं आहे, तो खुशाल जुना ठेवा. पण मग त्याचं इंटरनेट खरोखर तोडा. केबल काढा, वायफाय बंद करा; गरजेपुरतं चालू करू, असं म्हणू नका. पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासून मगच त्याला लावा. त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून वेगळी जपा, कारण त्याची हार्डडिस्क गेली तर बाहेरून कसलीही मदत मिळणार नाही. यूएसबी डोंगल असेल तर नव्या संगणकातच आभासी संगणक तयार करून त्यात जुनी विंडोज चालवता येते. पॅरलल पोर्टचा डोंगल असेल तर हा मार्ग अवघड जातो.

सगळ्यांत वाईट स्थिती या दोहोंच्या मधली : त्याच एक्सपीवर पेजमेकर, आणि त्याच एक्सपीवर गिऱ्हाइकाची ईमेल. अशा ठिकाणी आजच कामं वेगळी करा. ईमेलसाठी वापरलेला पण पात्र असा संगणक घेतला, तरी बराच धोका टळतो. तसंही जुन्या प्रणालीवरचा ब्राउझर फार काळ साथ देत नाही. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही होती, आणि ती २०२३ च्या जानेवारीत आली. त्यानंतर एकेक संकेतस्थळ उघडायला कुरकुर करू लागतं.

हे सगळं केलं तरी एक काम उरतं, आणि लांबवर पाहिलं तर तेच मोठं आहे : जुन्या प्रोग्रॅममधून मजकूर आणि हिशेब बाहेर काढणं. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात, तेव्हा तिथे वाट मोकळी आहे. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण नुसती अक्षरामागे अक्षरं बदलून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, व्यंजनाच्या आधी नोंदलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर इथेच गडबडतात, आणि मग प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा झालं की पुढची कोणतीही विंडोज आली वा गेली तरी तुमचं काही अडणार नाही. कोणत्या वर्षी अपग्रेड करायचं, हे मग मायक्रोसॉफ्टच्या तारखेवर ठरणार नाही. ते तुम्ही ठरवाल.

पुढच्या लेखात हेच काम हाती घेऊ : जुन्या फाँटमधली एक फाइल युनिकोडमध्ये कशी आणायची, आणि मुद्रितशोधनात कोणत्या जागा आधी पाहायच्या. तोवर तुमच्या संगणकावरच्या ज्या प्रोग्रॅमशिवाय काम थांबेल त्यांची यादी करा, आणि प्रत्येकापुढे त्याचं वर्ष लिहा.