पाळणाघराचा खर्च कोणी सोसायचा?

मूल सांभाळणे हे घरातले काम. त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पण आई कामासाठी उंबरठा ओलांडते त्या दिवशी हा हिशेब आपोआप पुढे येतो. मुलाला सासूबाईंपाशी ठेवायचे, शेजारणीच्या ओटीवर सोडायचे, की दरमहा पैसे भरून पाळणाघरात घालायचे? आणि पैसे भरलेच, तर पगारातले हाती उरणार किती? हा प्रश्न केवळ शहरातल्या नोकरदार जोडप्यांचा आहे असे कोणी समजू नये. लोणावळ्यात चिक्कीचे पुडे भरणाऱ्या, हॉटेलांत व बंगल्यांत साफसफाई करणाऱ्या, तळेगावकडे पॉलीहाऊसमध्ये गुलाब खुडणाऱ्या आणि आषाढात मावळच्या खाचरांत भातलावणीला वाकणाऱ्या आयांचाही तो प्रश्न आहे. या खर्चाला कोणाकडून मदत मिळू शकते, आणि ती बहुतेकींपर्यंत का पोचत नाही, याचा विचार येथे करू.

प्रथम मालकाची जबाबदारी पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर चालवावे अशी तरतूद होती. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. हेतू चांगला होता, पण मोजणी फक्त बायकांची होती. त्यामुळे बायका कमी नेमल्या की पाळणाघराचा खर्च टळतो, असा सोयीचा अर्थ त्यातून निघू शकत होता. मूल जणू एकट्या आईचेच!

२०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. येथे मोजणी स्त्री-पुरुष सर्वांची आहे, ही गोष्ट महत्त्वाची. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याचा हक्कही मिळाला. विश्रांतीची सुटी त्यातच धरली जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली. तिच्यातही पन्नासांची अट आणि चार भेटींचा हक्क कायम आहे. म्हणजे मोठ्या कारखान्यात वा कंपनीत काम करणाऱ्या आईने पाळणाघराची चौकशी केली, तर ती उपकार मागत नाही, हक्क मागते.

सरकारी सेवेतील स्त्रियांची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळू शकते. रजा म्हणजे हातात पैसे नव्हेत, हे खरे. पण मूल आजारी पडले असता पगार न बुडणे ही मदत लहान नव्हे.

आता शासनाकडे वळू. अंगणवाडी हा शब्द आज खेड्यापाड्यांत रुळला आहे. त्याचे मूळ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेल्या कामात आहे. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, याचा शोध घेतला तर तिच्या कडेवर धाकटे भावंड! म्हणून कोसबाडला विकासवाडीच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफली गेली. धाकट्याची सोय झाली तरच थोरली पाटी हातात धरू शकेल, हा त्यामागचा विचार होता.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांचे फार मोठे काम तिने केले. परंतु अंगणवाडी भरते ती दिवसातले काही तासच. सकाळी कामाला निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्या आईचा दिवस त्यात मावत नाही. कोसबाडच्या त्रिकुटातला पाळणाघराचा धागा मागे राहिला, तो असा.

तो पुन्हा हाती घेण्याचे प्रयत्न झाले. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या पंचवीस मुलांमागे एक पाळणाघर, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, अशी आखणी होती. पालकांकडून घ्यायची रक्कमही नाममात्र ठेवली होती: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये. २०२२ मध्ये ही योजना 'पाळणा' या नावाने मिशन शक्तीत आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. आपल्या गावी असे केंद्र आहे का, नसल्यास मागणी कशी करावी, हे अंगणवाडी सेविकेला किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारावे.

इतके असूनही आपल्या भागातील बहुसंख्य आयांच्या पदरी काही पडत नाही. कारण उघड आहे. कायदा एका मालकाकडची माणसे मोजतो. चिक्कीच्या दुकानात पाच-दहा, लहान हॉटेलात पंधरा-वीस, आणि बंगल्यात तर एकटीच बाई. पन्नासचा आकडा गाठणार कसा? बाजारपेठेत एकूण बायका शेकड्यांनी, पण कायद्याच्या लेखी त्या कोणत्याच छपराखाली पुरेशा नाहीत.

वाट मात्र त्याच कायद्यात सुचवलेली आहे. अनेक आस्थापनांनी आपले पैसे एकत्र करून सामायिक पाळणाघर चालवावे, किंवा नगरपालिकेच्या, खाजगी वा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करून घ्यावा, याला संहितेने मुभा दिली आहे. लहान दुकानदारावर सक्ती नाही. पण वीस दुकानदारांनी मिळून एक खोली, दोन बायका आणि दूधखिचडीचा खर्च वाटून घेतला, तर तो कोणालाच जड जाऊ नये. हा विचार हवेतला नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस'चे काम सुरू केले. पुण्यात 'तारा मोबाईल क्रेशेस' ही संस्था याच वाटेने चालते आणि बांधकाम व्यावसायिक खर्चाचा वाटा उचलतात. विटा-सिमेंटच्या ढिगाऱ्याशेजारी जे जमते, ते लोणावळ्याच्या बाजारपेठेत का जमू नये?

यात आपले काय, असे विद्यार्थी मित्र विचारतील. आपल्यापैकी किती मैत्रिणी पहिल्या तासाला येऊ शकत नाहीत, कारण वहिनी कामाला गेली आहे आणि भाचा घरी आहे? कोसबाडची ती थोरली मुलगी आज महाविद्यालयातही आहे. पाळणाघर नसले म्हणून त्याचा खर्च वाचत नाही. तो कोणाच्या तरी बुडालेल्या रोजातून किंवा सुटलेल्या शिक्षणातून वसूल होतोच.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने एका सुटीत तीन प्रश्न घेऊन बाजारपेठेत फिरावे: तुमचे मूल आता कोणापाशी आहे? त्यासाठी महिना किती पैसे जातात? जवळ पाळणाघर निघाले तर किती देऊ शकाल? उत्तरांचा कागद नगरपरिषदेपुढे आणि व्यापाऱ्यांपुढे ठेवावा. या आया शेकड्यांनी आहेत, हे एकदा कागदावर दिसले की निदान 'अशी गरजच नाही' असे तरी कोणाला म्हणता येणार नाही.