माँटेसोरी-पद्धति आणि आपलें घर

'माँटेसोरी' हें नांव आपल्या शहरांतून इतकें रूढ झालें आहे कीं, एखाद्या इमारतीवर रंगीत पाटी लागली आणि आंत चार लांकडी खेळणीं दिसलीं म्हणजे ती माँटेसोरी शाळा, अशी आपली समजूत होऊन बसते. ज्या आईबापांना फी परवडते ते मुलाला तेथें पाठवून आपलें कर्तव्य संपलें असें मानतात. ज्यांना परवडत नाहीं ते ही गोष्ट आपल्यासाठीं नव्हेच असें म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः दोघांचीही समजूत अपुरी आहे. ह्या पद्धतीचा प्राण लांकडी साहित्यांत नसून मोठ्या माणसांच्या वागणुकींत आहे, आणि वागणूक सुधारावयास पैसा लागत नाहीं. ती घरीं कशी सुधारावयाची, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

मारिया माँटेसोरी ह्यांचा जन्म १८७० सालीं इटलींत झाला. १८९६ सालीं रोम येथें वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनीं प्रथम मंदबुद्धि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिलें. पुढें ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें 'बालगृह' उघडलें. तेथील आईबाप दिवसभर मजुरीस जात आणि मागें राहिलेलीं लहान मुलें जिने व भिंती खराब करीत. त्यांना एके ठिकाणीं सांभाळावें, एवढाच घरमालकांचा हेतु होता. म्हणजे ही पद्धति श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जन्मली नाहीं. ती मजुरांच्या चाळींत जन्मली, हें आपण प्रथम ध्यानांत ठेवावें.

तेथें बाईंनीं एक प्रसंग पाहिला. सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लहानमोठ्या लांकडी दट्ट्या ठोकळ्याच्या भोंकांत बसवीत होती आणि पुनः काढीत होती. तिचें लक्ष किती जडलें आहे हें पाहण्यासाठीं बाईंनीं इतर मुलांना गाणें म्हणावयास लावलें. तिची खुर्ची उचलून मेजावर ठेवली. मुलीनें दट्ट्या मांडीवर सांवरल्या आणि काम तसेंच चालू ठेविलें. चाळिसांहून अधिक वेळां तें काम केल्यावर ती आपोआप थांबली. तिच्या मुद्रेवर थकवा नव्हता, उलट झोपेंतून ताजेंतवानें होऊन उठल्यासारखें समाधान होतें. मूल चंचल असतें हा आपला समज ह्या एका प्रसंगानें ढांसळतो. मुलाला त्याच्या वाढीस हवें असलेलें काम मिळालें आणि कोणी मध्यें आलें नाहीं, तर तें आपल्याहूनही अधिक एकाग्र होतें.

ह्या विचारांचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. भावनगर येथें गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनीं बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्रांत आणला. स्वतः माँटेसोरीबाई १९३९ सालीं मद्रासजवळील अड्यार येथें आल्या. दुसरें महायुद्ध चालू असल्यामुळें १९४० सालीं त्यांच्या चिरंजीवांना, मारिओ ह्यांना, कांहीं काळ तेव्हांच्या अहमदनगर येथें स्थानबद्ध राहावें लागलें. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी ह्या समुद्रकांठच्या गांवीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. त्यांनीं व अनुताई वाघ ह्यांनीं तेथें महागडें साहित्य न मागवितां परिसरांत सहज मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला. जें बोर्डीच्या अंगणांत साधलें, तें आपल्या ओटीवर कां साधूं नये?

आतां तत्त्वांकडे वळूं. पहिलें आणि मुख्य तत्त्व असें कीं, जें काम मूल स्वतः करूं शकतें त्यांत अनावश्यक मदत करूं नये. कारण अशी मदत हा त्याच्या वाढींतील अडथळाच होय. मूल सदऱ्याची गुंडी लावूं लागलें कीं आपण त्याचा हात बाजूला सारतों. तें पेल्यांत पाणी ओतूं लागलें कीं "सांडशील!" म्हणून तांब्या काढून घेतों. आपल्याला भरलेला पेला हवा असतो. मुलाला भरण्याची क्रिया हवी असते. त्या क्रियेंतूनच त्याची बोटें, डोळे आणि बुद्धि एकमेकांशीं जुळत असतात. तीन वर्षें आपण प्रत्येक वेळीं तांब्या काढून घ्यावयाचा, आणि दहाव्या वर्षीं "ह्याला एक काम धड येत नाहीं" म्हणून रागवावयाचें, हा कोठला न्याय?

दुसरें तत्त्व परिस्थितीच्या रचनेचें. आपल्या घरांतील प्रत्येक वस्तु मोठ्यांच्या उंचीची असते, त्यामुळें मुलाला पदोपदीं याचना करावी लागते. बालगृहांत एकदां शिक्षिका कपाटाला कुलूप लावण्यास विसरली, तेव्हां मुलांनीं आपापल्या आवडीचें साहित्य स्वतः काढून काम सुरू केलें. त्यावरून बाईंनीं बोध घेतला आणि मुलांच्या हातीं लागतील अशीं बुटकीं, उघडीं कपाटें करविलीं. आपल्याला कपाट करविण्याची जरूर नाहीं. फडताळाचा खालचा खण मुलाला द्यावा. त्याच्या उंचीवर एक खुंटी ठोकावी. लहान पाट, लहान तांब्या, लहान केरसुणी आणि पुसण्याचें एक फडकें त्याच्या मालकीचें असावें. प्रत्येक वस्तूची जागा मात्र ठरलेली असावी. दोनएक वर्षांच्या मुलाला व्यवस्थेची ओढ विलक्षण असते. एका आईनें अंगांतला कोट काढून हातावर घेतला तेव्हां तिचें मूल अनावर रडूं लागलें, आणि तिनें तो पुनः अंगांत घालतांच तें शांत झालें, असें बाईंनीं नमूद केलें आहे. ज्याला आपण हट्ट म्हणतों, तो पुष्कळदां बिघडलेल्या व्यवस्थेविरुद्ध केलेला आक्रोश असतो.

तिसरें तत्त्व काम दाखविण्याच्या रीतीचें. बोलणें थोडें, हात सावकाश, आणि स्वर आदराचा. बाईंनीं एके दिवशीं मुलांना नाक कसें शिंकरावें हें आवाज न करितां, रुमाल नीट धरून दाखविलें. तो धडा संपतांच मुलांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या नाकावरून त्यांना नेहमीं बोलणीं खावीं लागत, तें स्वच्छ कसें ठेवावें हें आजवर कोणीं शांतपणें दाखविलेंच नव्हतें! आपणही मुलाला "नीट कर" असें शंभर वेळां सांगतों. परंतु नीट म्हणजे कसें, हें एकदां तरी दाखवितों काय?

उदाहरणार्थ, पाणी ओतण्याचें काम घ्या. प्रथम एका वाटींतील तांदूळ दुसऱ्या वाटींत ओतावयास द्यावे. तें साधलें कीं दोन लहान भांडीं एका ताटांत ठेवून एकांत अर्धें पाणी घालावें. भांडें धरणें, काठ टेंकविणें, ओतणें, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबणें, अशा चार क्रिया निरनिराळ्या करून दाखवाव्या आणि मग आपण दूर बसावें. पाणी सांडलें तर रागावूं नये; फडकें दाखवावें. चूक दाखविण्याचें काम पाण्यानेंच केलेलें असतें. एकांत एक बसणारे डबे हेंही असेंच साधन आहे. क्रम चुकला कीं डबा बसत नाहीं, आणि कोणी न बोलतां मूल स्वतःच विचार करूं लागतें. ह्याच रीतीनें पुढें शेंगा सोलणें, कपड्यांच्या घड्या घालणें, भाजी निवडणें, लहान लाटण्यानें पोळी लाटणें, हीं कामें वयाप्रमाणें देतां येतात. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं मात्र दाणे, मणी वा बिया देऊन त्याला एकटें सोडूं नये; ते तोंडांत वा नाकांत जाण्याचें भय असतें.

अक्षरांच्या बाबतींतही असेंच आहे. माँटेसोरीबाई खरखरीत कागदाचीं अक्षरें करून मुलांना त्यांवरून बोट फिरविण्यास लावीत आणि त्याच वेळीं त्या अक्षराचा ध्वनि ऐकवीत. आपल्याकडील धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविण्याची जुनी चाल ह्याच्या किती जवळची आहे! एका ताटांत बारीक वाळू पसरली कीं काम भागतें. मात्र मुलाच्या मनांत ओढ उत्पन्न होण्यापूर्वीं अक्षरें त्याच्या माथीं मारूं नयेत.

येथें कोणी विचारील, "मग मुलाला वाटेल तें करूं द्यावयाचें काय?" नव्हे. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. जें दुसऱ्याला इजा करतें, जें वस्तूचा नाश करतें, जें विस्तवाशीं वा विहिरीशीं खेळतें, तें शांतपणें पण निश्चयानें थांबविलेंच पाहिजे. परंतु मर्यादा थोड्या असाव्या आणि रोज त्याच असाव्या. बक्षिसाचें आमिष आणि शिक्षेचा धाक ह्या दोहोंचीही बाईंना फारशी मातब्बरी वाटत नसे. काम पुरें झाल्याचा आनंद हेंच मुलाचें खरें पारितोषिक. मूल स्वस्थ बसावें म्हणून त्याच्या हातीं मोबाईल देण्याची जी रीत हल्लीं पडली आहे, तिचाही येथें विचार व्हावा. पडद्यावरील चित्रें हलतात. मुलाचे हात मात्र थांबतात.

आईला सकाळच्या घाईंत हें सर्व करण्यास सवड कोठली, ही अडचण खरी आहे. परंतु दिवसांतील एक तास ठरवावा आणि आठवड्यास एकच नवें काम घ्यावें. जें मूल आज गुंडी लावण्यास पांच मिनिटें घेतें, तें दोन महिन्यांनीं आईचीं तीच पांच मिनिटें वांचवील.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख केवळ आईबापांसाठीं आहे असें समजूं नका. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत, आणि आईच्या खालोखाल त्यांचा सहवास तुम्हांलाच घडतो. आपल्यांत मोठा कोण हा प्रश्न शिष्यांच्या मनांत असतां प्रभु येशूनें एका बालकास त्यांच्यामध्यें उभें केलें, ही कथा तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकली आहे. मोठेपणाची ती कसोटी घरींही लागू आहे. धाकट्या बहिणीची चप्पल तुम्हीं तिच्या पायांत घालून दिलीत तर एक क्षण वांचेल; परंतु तिच्या शेजारीं पायरीवर बसून ती स्वतः घालीपर्यंत थांबलांत, तर तिला आपल्या बळाची ओळख पटेल. हात पुढें करणें सोपें असतें. योग्य वेळीं तो मागें घेणें हेंच मोठ्यांनीं शिकावयाचें असतें.