सरकारचा खास वकील

मुलांनो, समजा आपल्या देवबागच्या किनाऱ्यावरून कुणाची रापणीची जाळी चोरीला गेली. खटला कोण चालवणार? जाळीचा मालक? नाही, सरकार! गुन्हा साऱ्या समाजाविरुद्ध मानतात. म्हणून कोर्टात सरकारी वकील उभा राहतो.

खटला अवघड असला की सरकार 'विशेष सरकारी वकील' नेमू शकतं. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात उज्ज्वल निकम असेच नेमले होते. आता ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८ व्या कलमात आहे. अट : वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव.

मग फिर्यादीने मागितला की मिळालाच? छे! महाराष्ट्रातल्याच मुकुल दलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली बजावलं, की नुसत्या मागणीवर नेमणूक नको, आधी कारण तपासा. कारण घटनेच्या १४ व्या कलमाप्रमाणे कायद्यापुढे सारे समान. सरकारी वकिलाचं काम सूड घेणं नव्हे, खरं ते मांडणं. आरोपीलाही २२ व्या कलमाने वकिलाचा हक्क आहे; कसाबलाही वकील मिळालाच ना!

आता सांगा बघू, खास वकिलाची फी फिर्यादीनेच दिली, तर तो ऐकेल कुणाचं? आज जेवताना आई-बाबांना विचारा!