फेब्रुवारीची खाच

नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीचं ‘१५१८’ हे मनगटी घड्याळ एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. तोवर कोणत्याही मनगटी घड्याळाला एवढी किंमत आली नव्हती, आणि हे तर सोन्याचंही नव्हतं, पोलादाचं होतं. ती बातमी माझ्या डोक्यातून जाईना. पुढे स्वित्झर्लंडला जाणं झालं तेव्हा मी वाले द जू गाठलं. जुरा पर्वतातलं हे खोरं. बर्फाने कोंडलेल्या हिवाळ्यात इथली शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या घड्याळांचे सुटे भाग घडवत असत.

तिथल्या एका लहानशा कार्यशाळेत साठीच्या एक बाई डोळ्याला भिंग लावून एका चकतीची कड घासत होत्या. चकती करंगळीच्या नखाएवढी आणि कडेला वीस खाचा. “हिची एक फेरी १४६१ दिवसांनी पुरी होते,” एवढं सांगून त्या पुन्हा खाली वाकल्या.

घड्याळातल्या कॅलेंडरचे चार वर्षांचे ४८ महिने या एका चकतीवर आहेत. ३१ दिवसांच्या महिन्याला खाच नाही. ३० दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. एका तरफेचं टोक या कडेला टेकलेलं असतं. खाच जेवढी खोल तेवढं ते आत उतरतं आणि महिनाअखेरच्या मध्यरात्री तारखेचं चाक तेवढंच जास्त पुढे ढकलतं. २८ फेब्रुवारीच्या रात्री २९, ३०, ३१ ओलांडून काटा थेट १ वर येतो. चार वर्षांचं सगळं पाठांतर धातूत कोरलेलं आहे.

बाईंच्या हातात होती जेन्शियनची वाळलेली काडी. याच डोंगरकुरणांत उगवणाऱ्या या झाडाचा देठ वाळवतात, टोक तासतात आणि त्याला हिऱ्याच्या पुडीची पेस्ट लावून कड उजळतात. बेंझिनच्या उग्र वासाखालून वाळल्या गवताचा वास येत होता. तो अजून माझ्या नाकात आहे. ही उजळलेली कड नंतर डायलखाली जाते. घड्याळ ज्याच्या मनगटावर असतं, त्याला ती कधी दिसतही नाही.

संग्राहकांची ओढ मला कळते. महिन्यांची लांबी स्वतःच ओळखणारं असं ‘पर्पेच्युअल’ कॅलेंडर इंग्लिश घड्याळजी थॉमस मजने १७६२ मध्ये खिशातल्या घड्याळात बसवलं होतं. मनगटावर ते आलं १९२५ मध्ये, तेही पाटेकने १८९८ साली बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी केलेली यंत्रणा वापरून. १९४१ च्या ‘१५१८’ मध्ये त्याला क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉचची, जोड मिळाली. अशी २८१ घड्याळं झाली. त्यांतली पोलादी चारच माहीत आहेत. एक कोटी दहा लाख फ्रँक मोजले गेले ते त्या चारांपैकी एकासाठी. पण सोन्याचं असो की पोलादाचं, आतली चकती तीच आणि तिच्यावरची मेहनतही तीच. किंमत ठरताना ती मेहनत मोजलीच जात नाही, आणि हे मला पटत नाही.

दुरुस्तीला आलेलं घड्याळ कुणाचं, हे बाई विचारत नाहीत. ते रोज हातावर असतं की तिजोरीत, एवढंच विचारतात. बंद पडलेल्या घड्याळाचं कॅलेंडर मागे राहतं. मग केसच्या कडेची बारीक बटणं दाबून वार, तारीख, महिना, सगळं जागेवर आणावं लागतं. तेही मध्यरात्रीच्या आसपास करायचं नाही, कारण तेव्हा तरफा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि दाते मोडू शकतात.

१४६१ दिवसांचा हा हिशेब २१०० साली चुकणार आहे. शंभराने भाग जाणारं पण ४०० ने न जाणारं वर्ष लीप नसतं, आणि चकतीला ते ठाऊक नाही. १ मार्च २१०० ला अशी बहुतेक घड्याळं २९ फेब्रुवारी दाखवतील. “कुणीतरी हाताने एक दिवस पुढे करायचा,” बाई म्हणाल्या. मग पुढच्या खाचेकडे वळण्याआधी त्यांनी काडीचं टोक नव्याने तासून घेतलं.