पडलेलं झाड संपतं कधी?

सिअॅटलच्या बाजूला कधी गेलात, तर ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातलं होह वर्षावन जरूर पाहा. आपल्या कोकणासारखाच इथेही वर्षाला साधारण 3500 मिलिमीटर पाऊस पडतो, पण इथला पावसाळा मुख्यतः हिवाळ्यात असतो. या जंगलात काही प्रचंड झाडं एका सरळ रेषेत उभी दिसतात, जणू कोणी दोरी धरून लावली असावीत. काहींच्या मुळांखाली तर लहान मूल रांगत जाईल एवढी पोकळी असते.

ही झाडं कोणी लावलेली नाहीत. फार पूर्वी तिथे एक झाड आडवं पडलं आणि त्याच्या पाठीवर ही रुजली. अशा खोडाला इंग्रजीत 'नर्स लॉग' म्हणतात. आपण 'दाई-ओंडका' म्हणू या. जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची इतकी दाटी असते, की सिटका स्प्रूस किंवा हेमलॉकच्या इवल्याशा रोपाचा तिथे निभाव लागत नाही. ओंडक्यावर मात्र त्याला थोडी उंची, मोकळी जागा आणि ओल मिळते. हळूहळू मुळं दोन्ही बाजूंनी जमिनीत उतरतात. ओंडका कुजून जातो आणि त्याच्या जागी ती पोकळी उरते.

आणखी एक गंमत पाहा. उभ्या झाडाच्या खोडातलं बहुतेक लाकूड मृत पेशींचंच असतं. झाड पडल्यावर त्यात बुरशी, जिवाणू आणि किडे वस्तीला येतात. त्यामुळे कुजणाऱ्या ओंडक्यात उभ्या झाडापेक्षा जास्त जिवंत पेशी असू शकतात!

हे कुजणं किती काळ चालतं? ओरेगॉनमधल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने 1985 मध्ये चार जातींच्या झाडांचे पाचशेहून अधिक ओंडके ठेवून 200 वर्षांचा प्रयोग सुरू केला. त्याचा शेवट ना तो पाहणार, ना आपण.

झाड 'त्याग' करतं, असं मात्र समजू नका. त्याचा तसा काही हेतू नसतो. ते फक्त जागच्या जागी पडून राहतं, आणि तेवढं पुरतं. ते उचलून नेलं, तर ही साखळी तुटते. एकेकाळी इथल्या ओढ्यांतले ओंडके अडगळ म्हणून काढून टाकत. आता सामन माशांसाठी तेच पुन्हा आणून टाकावे लागतात.

तुमच्या परसात एखादं जुनं झाड पडलं आणि त्याची कुणाला अडचण नसेल, तर निदान एक ओंडका तिथेच राहू द्या.