शिंदळ माकुडी : कड्यावरची दुर्मीळ पाहुणी

दुर्मीळ पर्वतीय वनस्पती म्हटली की आपली दृष्टी हिमालयाकडे, तेथील देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी वृक्षांकडे वळते. हे वृक्ष आपल्या सह्याद्री-सातपुड्यात आपणहून उगवत नाहीत. परंतु म्हणून आपले डोंगर दरिद्री ठरत नाहीत. जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः न आढळणारी एक वनस्पती महाराष्ट्राच्या कड्यांवर राहते. तिचे नाव शिंदळ माकुडी.

शास्त्रीय जगाला तिचा परिचय 1860 नंतरच्या दशकात झाला. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी डालझेल यांनी जुन्नरच्या बाजूच्या डोंगरांतील या वनस्पतीचे वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. पुढे अनेक शास्त्रज्ञांनी तिला ‘बॉसेरोशिया’ या प्रजातीत घातले; तेथेही ती ‘फ्रेरी’ म्हणूनच ओळखली जाते. राज्य गेले, पण गव्हर्नरसाहेब कड्याला चिकटून राहिले, असे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी म्हणावयास हरकत नाही!

ही रुईच्या कुळातली. माकडशिंगासारख्या तिच्या भाईबंदांना पाने जवळजवळ नसतातच. हिला मात्र चांगली मांसल पाने येतात. पावसाळ्यात ती हिरवीगार होते, तांबड्या-किरमिजी रंगाची, पिवळसर खुणांची चांदणीसारखी फुले धरते. फुलांचा वास सडक्या मांसासारखा असल्याने माश्या आकर्षित होतात व परागीभवनास साहाय्य करतात. उन्हाळ्यात पाने गळून केवळ जाड खोडे उरतात. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड अशा मोजक्या ठिकाणी, माणसाचा हात सहसा न पोहोचणाऱ्या खडकांच्या कपारींत ती आढळते.

मौज अशी, की कड्यावर दुर्मीळ असलेली ही वनस्पती कुंडीत सहज वाढते. पावसाळ्याच्या आरंभी बोटभर लांबीचे निरोगी खोड कापावे व काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावे. ओला काप लावल्यास तो कुजण्याचा संभव असतो. कुंडी उथळ व तळाशी भोक असलेली घ्यावी. आपल्या तापीखोऱ्यातील काळी माती कपाशीला उत्तम, पण येथे घातक. ती पाणी धरून ठेवते. म्हणून बारीक मुरूम, जाड रेती व थोडे पानांचे खत यांचे मिश्रण करावे. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. देवपुरातल्या वैशाखाच्या दुपारी कुंडी सावलीत सरकवावी. पाने गळली म्हणजे रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करू नये व पाण्याचा माराही करू नये. ती तिची विश्रांती असते.

मग ती दुर्मीळ का? तिचा प्रदेशच मुळात लहान. त्यात चराई, वणवे, दरडी कोसळणे आणि हौशी संग्राहकांची ओरबाड. येथे आपला संबंध येतो. सहलीत दिसलेले वेगळे रोप मुळासकट उपटून वहीत दाबण्याची सवय आपणा विद्यार्थ्यांना असते. सामान्य गवताला त्याचे काही वाटत नाही. पण जेथे एका कपारीत चार-दोनच रोपे आहेत, तेथे एक उपटणे म्हणजे वस्ती उठविणे होय. हिचे कलम हवे असल्यास ते लागवड केलेल्या रोपावरूनच मिळवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका रोपाच्या शंभर फांद्या लावल्या, तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच रोप शंभर ठिकाणी असते. रोग आला तर सर्वांवर सारखाच येणार. विविधता बियांतून येते, आणि बियांसाठी कडा, माश्या व शेजारची निराळी रोपे हवीत. कुंडी ही वनस्पतीची धर्मशाळा. तिचे घर कड्यावरच आहे. कुंडीने आपल्याला तिची ओळख करून द्यावी, आणि त्या ओळखीपोटी आपण तिचे घर राखावे, एवढेच.